जैसलमेर पाहावे वैशाखात

पंचांगाच्या हिशेबाने चैत्र आणि वैशाख हे वसंत ऋतूचे महिने होत. आम्रमंजिरी, कोकिळा, मलयानिल हा वसंताचा सारा परिवार संस्कृत कवींनी याच दोन महिन्यांच्या दिमतीला दिला. त्यांपैकी बहुतेकांनी थरचे वाळवंट पाहिले नसावे. तेथे चैत्राच्या सुमारास रोहिड्याची झाडे केशरी-पिवळ्या फुलांनी पेटल्यासारखी दिसतात, कैराची काटेरी झुडपे तांबड्या फुलांनी भरतात आणि मग पाहता पाहता ऋतू आवरता घेतला जातो. वैशाख लागला म्हणजे जैसलमेरच्या बाजारात दुपारी शुकशुकाट पसरतो. शहरापासून चाळीसएक किलोमीटरवर सम येथे वाळूच्या टेकड्यांलगत हिवाळाभर उभ्या असलेल्या तंबूंपैकी बरेच गुंडाळले जातात. खोल्यांची भाडी उतरतात. माघ महिन्यातील मरु महोत्सवात ज्या उंटांना सजवून मिरवलेले असते, ते उंट आता खेजडीच्या विरळ सावलीत मान वर करून उभे असतात. पर्यटन व्यवसायाच्या भाषेत सांगायचे तर हंगाम संपतो.

ज्याला हे शहर खरोखर पाहावयाचे असेल त्याने नेमके याच वेळी तेथे जावे, असे सुचविले तर तो विक्षिप्तपणा वाटण्याचा संभव आहे. जोधपूरहून जैसलमेरला निघाले असता वाटेत फलोदी लागते. या फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, आणि भारतातील अधिकृत नोंदींतील उच्चांक म्हणून त्या गावाचे नाव सर्वत्र झाले. लहान मुले, वृद्ध आणि प्रकृतीने नाजूक माणसे यांनी या फंदात पडू नये हे उघडच आहे. धट्ट्याकट्ट्यांनीही वैशाखाच्या पूर्वार्धातच जाऊन यावे हे बरे. परंतु एवढी सावधगिरी बाळगून जो जाईल त्याला जे दिसेल ते डिसेंबरात जाणाऱ्यास दिसत नाही. कारण जैसलमेर वसविणाऱ्यांनी ते गुलाबी थंडीसाठी वसविले नव्हते. उन्हाशी आणि तहानेशी गाठ आहे, हे धरूनच त्यांनी या शहराचा दगड न् दगड बसविला. ज्या संकटासाठी एखादी वस्तू घडविली ते संकट समोर नसताना ती वस्तू पाहिली, तर ती केवळ शोभेची वाटू लागते. जैसलमेरचे गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत नेमके हेच झाले आहे, आणि त्याचे परिणाम आता तटाच्या भिंतींवर दिसू लागले आहेत.

प्रथम ऊन. जैसलमेर देशाच्या इतक्या पश्चिमेला आहे की भारतीय प्रमाणवेळेचे घड्याळ आणि तेथील सूर्य यांचे जमत नाही. घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य माथ्यावर यायला अजून पाऊण तास असतो; मे महिन्यात संध्याकाळी साडेसात वाजले तरी तो क्षितिजावर रेंगाळत असतो. त्यामुळे नवख्या प्रवाशाची फसगत होते. चार वाजले, आता ऊन उतरले असेल, अशा समजुतीने तो बाहेर पडतो आणि पश्चिमेकडून येणाऱ्या झळांनी भाजून परत फिरतो. गावकरी मात्र सूर्योदयापूर्वी कामाला लागलेले असतात आणि दुपारचा मोठा भाग त्यांनी दाराआड काढलेला असतो. हिवाळ्यात सोन्यासारखा पिवळा दिसणारा दगड वैशाखाच्या भर दुपारी पांढुरका पडतो. १९७४ साली सत्यजित राय यांच्या चित्रपटाने या किल्ल्याला 'सोनार केल्ला' हे नाव कायमचे चिकटविले. त्या नावातील सोने सकाळ-संध्याकाळचे असते, दुपारचे नव्हे.

अशा दुपारी शहराच्या जुन्या गल्लीत शिरावे. गल्ली इतकी अरुंद असते की सूर्य अगदी डोक्यावर असताना काय थोडा वेळ ऊन जमिनीला टेकेल तेवढेच. दोन्ही बाजूंची घरे वर वर जाताना गल्लीवर पुढे झुकतात. सज्जे आणि झरोके यांच्या छाया एकमेकींवर पडतात. हिवाळ्यातला पर्यटक या झरोक्यांचे नक्षीकाम न्याहाळतो, त्याची छायाचित्रे घेतो आणि दगडाची असली जाळी कोणी किती दिवसांत कोरली असेल असा प्रश्न वाटाड्याला विचारतो. वैशाखात त्याच जाळीसमोर उभे राहिले असता तिचा उपयोग कातडीला कळतो. बारीक छिद्रांतून येणारा वारा वेग घेऊन आत येतो, ऊन मात्र तुकड्या-तुकड्यांनी बाहेर राहते. कोरीव पृष्ठभागावर उठावाच्या प्रत्येक रेषेची स्वतःची लहानशी सावली असते आणि सपाट भिंतीइतकी ती भिंत तापत नाही. गुमानचंद पटवा यांच्या घराण्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाच हवेल्या बांधविल्या. मध्य आशिया आणि सिंध यांच्याशी चाललेल्या काफिल्यांच्या व्यापारातून आलेला पैसा त्यांत आहे, मिरवण्याची हौसही आहे. पण ती हौस उन्हाच्या शिस्तीत राहून केलेली आहे. त्याच शहराच्या वेशीबाहेर अलीकडे उभ्या राहिलेल्या उपाहारगृहांच्या आणि अतिथिगृहांच्या इमारतींना जाळी आहे, झरोका आहे, पिवळा दगडही आहे. फक्त ते सारे काँक्रीटच्या भिंतीला बाहेरून डकविलेले आहे आणि आत वातानुकूलन यंत्रे घरघरत असतात. या नकलेला कोणी वारसा म्हणू नये.

प्रसंगवशात एक गोष्ट नोंदली पाहिजे. या हवेल्यांची मालक मंडळी पुढे इंदूर, कलकत्ता, मुंबई अशा ठिकाणी पांगली, त्यात आपल्या मुंबईचाही हात आहे. मुंबई बंदर वाढले, आगगाड्या धावू लागल्या आणि उंटांच्या तांड्यांची वाट ओस पडली. १९४७ साली सिंधची सीमा बंद झाली तेव्हा उरलासुरला व्यापार संपला. पुढे १९६५ आणि १९७१ च्या युद्धांमुळे लष्कराला रस्ते हवे होते म्हणून रस्ते आले, लोहमार्ग आला, आणि त्या मार्गाने पर्यटक आला.

उन्हापेक्षा पाण्याची गोष्ट अधिक महत्त्वाची. जैसलमेरचा सरासरी पाऊस वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. कोकणातल्या एखाद्या गावावर आषाढात एका दिवसात एवढा पाऊस पडून जातो आणि त्याची बातमीही होत नाही. एवढ्याशा पावसावर हे शहर ११५६ पासून, म्हणजे रावळ जैसलने लोद्रव्याहून राजधानी हलविली तेव्हापासून, नांदते आहे. हे कसे घडले याचे उत्तर शहराच्या आग्नेयेला असलेल्या गडीसर तलावावर मिळते. चौदाव्या शतकात रावळ घडसीने तो बांधविला. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत शहराची तहान याच तलावाने भागविली. त्याच्या आगोरात, म्हणजे ज्या उतारावरून पाणी वाहत तलावात येते त्या माळावर, जनावर सोडायचे नाही, घाण करायची नाही, असा निर्बंध असे आणि तो पाळला जाई. तलाव म्हणजे पाण्याचा खड्डा नव्हे, पाणी जिथून येते तो सारा प्रदेशच तलाव होय, ही समज त्यामागे होती.

वाळवंटातील माणसाने पाण्याच्या जाती ओळखल्या. पावसाचे, तलावात किंवा टाक्यात साठविलेले ते पालर पाणी. खोल भूगर्भातील विहिरीचे ते पाताळ पाणी, जे पुष्कळदा खारट निघते. आणि या दोहोंच्या मध्ये वाळूत मुरलेला ओलावा म्हणजे रेजाणी पाणी. काही भागांत वाळूच्या खाली खडूसारख्या जिप्समचा थर असतो. पावसाचा ओलावा त्या थरावर अडून राहतो, खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. हा ओलावा मिळवण्यासाठी 'कुंई' खणतात. ती विहिरीसारखीच खोल, पण तोंडाला इतकी अरुंद की खणणारा माणूस आत जेमतेम बसून हात चालवू शकेल. वरून अधूनमधून मूठ मूठ वाळू खाली फेकतात. तिच्याबरोबर वरची थंड हवा तळाला जाते आणि खणणाऱ्याचा जीव गुदमरत नाही. वाळूचे कण ओलावा सोडतात, तो थेंबाथेंबाने कुंईत उतरतो आणि दिवसाकाठी दोन-तीन घागरी पाणी जमते. पण त्या दोन-तीन घागरी रोज मिळतात. भर वैशाखात, आसपास कोठे टिपूस नसताना मिळतात. अनुपम मिश्र यांनी आपल्या 'राजस्थान की रजत बूंदें' या १९९५ च्या पुस्तकात या विद्येची हकीकत इतक्या आपुलकीने सांगितली की आपल्याकडच्या पाण्याच्या चळवळीतील अनेकांचे डोळे त्याने उघडले.

पालीवालांची 'खडीन'ही तशीच. खडकाळ उतारावरून येणारे पावसाचे पाणी मातीच्या बांधाने अडवायचे, ते जमिनीत मुरू द्यायचे आणि मागे राहिलेल्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. दोनशे मिलिमीटरच्या प्रदेशात गहू! आणि आपल्याकडे काय चित्र होते? ज्या मराठवाड्यात जैसलमेरच्या तिपटीहून अधिक पाऊस पडतो, तेथील लातूर शहराला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. त्या गाडीसाठी वापरलेले टाकीचे डबे आले होते राजस्थानातील कोट्याच्या रेल्वे कार्यशाळेतून. वाळवंटाच्या राज्याने आपल्याला पाण्याची भांडी धुऊन पाठवावीत, यातील उपरोधाची त्या वेळी फारशी कोणी चर्चा केली नाही. अक्षय्य तृतीयेला उदककुंभाचे दान करण्याची रीत मात्र आपण निष्ठेने पाळतो.

येथे एक सावध इशारा देणे अगत्याचे आहे. तहानेचे गोडवे गाणे सोपे असते, विशेषतः ज्याच्या घरी नळ आहे त्याला. डोक्यावर दोन घागरी आणि काखेत एक अशा वाळूतून जाणाऱ्या बाईचे चित्र भिंतीवर टांगण्यास फार शोभते. पण ती बाई रोज चार मैल चालत होती आणि तिला ते चालणे आवडत नव्हते. म्हणून १९५८ साली काम सुरू झालेला राजस्थान कालवा हरिकेपासून सतलज-बियासचे पाणी घेऊन थरात उतरला आणि पुढे जैसलमेर जिल्ह्यापर्यंत पोहोचला, तेव्हा तेथील लोकांनी केलेला आनंद यथार्थच होता. १९८४ नंतर या कालव्यास इंदिरा गांधींचे नाव दिले गेले. गडीसर तलावातही आता कालव्याचे पाणी सोडतात, त्यावर होड्या चालतात. जुनी तहान परत आणावी असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. प्रश्न निराळाच आहे. पाणी आणण्याची जी योजना झाली, ती करणाऱ्यांनी वापरलेले पाणी जाईल कोठे याचा विचार पुरता केला नाही. कालव्याच्या वरच्या भागात, श्रीगंगानगर-हनुमानगडकडे, शेते पाणथळ होऊन क्षार वर आले ते याच अविचारामुळे. ज्या जिप्समच्या थरावर कुंईचे शास्त्र उभे आहे, तोच थर २००६ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या बाडमेर जिल्ह्यात कवासच्या मुळावर आला. अतिवृष्टीचे पाणी खाली मुरेना, वाहून जाईना, आणि ऐन वाळवंटातील ते गाव कित्येक महिने पाण्यात उभे राहिले. वाळवंटात पाण्याचा दुष्काळ जितका भयंकर, तितकेच वाट नसलेले पाणीही भयंकर असते.

जैसलमेरच्या किल्ल्याच्या बाबतीत अशीच वाट नसलेल्या पाण्याची करणी चालू आहे. हा किल्ला भारतातील इतर बहुतेक किल्ल्यांसारखा रिकामा नाही. त्रिकूट टेकडीवर, ९९ बुरुजांच्या आत, आजही सुमारे तीन-चार हजार माणसे राहतात. मुले शाळेत जातात, देवळात घंटा वाजते, दारात खाटा टाकून म्हातारी माणसे बसतात. जिवंत किल्ला म्हणून त्याचे जे कौतुक होते ते योग्यच आहे. पण टेकडीचा खडक कणखर नाही. वालुकाश्माच्या जोडीला पाणी पिऊन फुगणारे आणि वाळल्यावर आक्रसणारे चिकणमातीचे थर तिच्यात आहेत. बांधणाऱ्यांना याची जाणीव होती. पावसाचे पाणी टेकडीवर क्षणभरही थांबू नये म्हणून त्यांनी चारी दिशांना उतरणाऱ्या 'घूट नाली' नावाच्या मोऱ्या काढल्या. घरांची धाबी लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर देऊन केलेली होती. सांडपाणी म्हणून जे काही असे ते नगण्य होते, कारण गडीसरावरून डोक्यावर वाहून आणलेली घागर कोणी मोरीत ओतत नाही. वापर घागरींच्या हिशेबात होता तोवर टेकडी कोरडी राहिली.

पुढे नळ आले. नळापाठोपाठ पर्यटक आले, आणि पर्यटकाला खोलीला लागून न्हाणीघर हवे असते. किल्ल्यातील घरांची एकेक करून अतिथिगृहे झाली. मजल्यावर मजले चढले, मातीच्या धाब्यांच्या जागी जड सिमेंट आले, जुन्या मोऱ्यांवर दुकानांचे ओटे बांधले गेले. गटाराचे नळ नंतर घातले गेले तेही जागोजाग गळत राहिले. ज्या टेकडीला शतकानुशतके पाण्याचा थेंब मोजून मिळत होता, तिच्या पोटात बाराही महिने ओल शिरू लागली. १९९६ पासून जागतिक स्मारक निधीने आपल्या धोकाग्रस्त वास्तूंच्या यादीत हा किल्ला लागोपाठ तीनदा घेतला. १९९८ साली बाहेरच्या भिंतीचा भाग ढासळून माणसे दगावली. त्यापुढच्या वर्षांत आणखी बुरुज खचले. काही दुरुस्त्या झाल्या, राणीच्या महालाचा पडलेला भाग पुन्हा उभा करण्यात आला. २०१३ साली राजस्थानातील सहा किल्ल्यांच्या गटात जैसलमेरची जागतिक वारसा म्हणून नोंद झाली आणि सत्कार-समारंभ पार पडले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये चांगला पाऊस झाला, तेव्हा तटाचा आणखी एक भाग रस्त्यावर कोसळला. एका प्रसिद्ध इंग्रजी प्रवास-मार्गदर्शिकेने आपल्या वाचकांना किल्ल्याच्या आत मुक्काम करू नका असे सांगावे, यावरून गोष्टी कोणत्या थराला गेल्या याची कल्पना येते.

ओल ही केवळ भिंतींचाच घात करते असे नव्हे. किल्ल्यातील संभवनाथाच्या जैन मंदिराच्या तळघरात पंधराव्या शतकात जिनभद्रसूरींनी ज्ञानभांडार स्थापन केले. देशात इतरत्र ज्या ताडपत्री पोथ्या कसर, वाळवी आणि दमट हवा यांनी कधीच्या नाहीशा केल्या त्या येथे टिकल्या. परचक्रापासून वाळवंटाने त्यांचे रक्षण केले आणि काळापासून कोरड्या हवेने. मराठी वाचकाला या भांडाराविषयी विशेष आस्था वाटायला हवी. शके ७०० च्या सुमारास, म्हणजे इ.स. ७७९ मध्ये, मारवाडातील जालोर येथे उद्द्योतनसूरीने लिहिलेल्या 'कुवलयमाला' या प्राकृत ग्रंथात बाजारपेठेत जमलेल्या निरनिराळ्या देशींच्या व्यापाऱ्यांचे वर्णन आहे, आणि त्यात मरहट्ट व्यापारी आपल्या बोलीतील शब्दांसह हजर आहे. मराठी भाषेच्या इतिहासाची पहिली पाने ज्या मोजक्या पुराव्यांवर लिहिली जातात त्यांपैकी हा एक. कोल्हापूरचे डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली ती दोनच हस्तलिखितांच्या आधारे. एक कागदी, पुण्याच्या भांडारकर संस्थेतील. दुसरे ताडपत्री, विक्रम संवत ११३९ मधले, जैसलमेरचे. आपल्या बोलीच्या बाल्याची ही साक्ष ज्या कोरडेपणाने नऊशे वर्षे सांभाळली, तो कोरडेपणाच आता त्या टेकडीवरून नाहीसा होत आहे. न्हाणीघरातला फवारा दहा मिनिटे अधिक चालू ठेवणाऱ्या पर्यटकाला हे कोणी सांगत नाही. सांगितले तरी जानेवारीच्या थंडीत गरम पाण्याखाली उभे असताना ते पटण्यासारखे नाही.

उपाय काय, यावर दोन टोकांची मते ऐकू येतात. एक मत असे की किल्ला पूर्ण रिकामा करावा, रहिवाशांना खाली जागा द्यावी आणि वास्तू पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात सोपवावी. कागदावर हे नीटनेटके दिसते. परंतु माणसे काढून घेतली की ज्यासाठी हा किल्ला अनन्यसाधारण आहे तेच उरणार नाही, आणि रिकाम्या केलेल्या किल्ल्यांची आपण काय देखभाल करतो हे सह्याद्रीतल्या कोणत्याही गडावर जाऊन पाहता येईल. ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या तेथे काढल्या त्यांना वारशाच्या नावाखाली हुसकून लावणे हा न्याय नव्हे. २०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांतील पन्हाळ्यावरही गाव आहे, नगरपालिका आहे. तेथील घरमालकांच्या मनात जी शंका डोकावते, तीच जैसलमेरच्या घरमालकांच्या मनात कित्येक वर्षे घर करून आहे.

दुसरे मत व्यवसाय करणाऱ्यांचे. ते म्हणतात, पर्यटन बंद केले तर आम्ही खायचे काय? व्यापार गेला, शेती बेभरवशाची, सीमा बंद. या शहराला पर्यटकाखेरीज दुसरा पोशिंदा राहिलेला नाही. या म्हणण्यात तथ्य आहे आणि दिल्लीत किंवा मुंबईत बसून त्याची टिंगल करू नये. पण पर्यटन बंद करा असे कोणी म्हणत नाही. निजायची सोय किल्ल्याबाहेर करा एवढेच मागणे आहे. राहणाऱ्या कुटुंबाचा पाण्याचा वापर आणि रोज बदलणाऱ्या पाहुण्यांच्या दहा-बारा न्हाणीघरांचा वापर यांत महदंतर आहे. रहिवासी राहावेत, देवळे राहावीत, दिवसा पाहुणे यावेत, त्यांनी दुकानांत पैसे खर्च करावेत आणि रात्री खाली उतरावे. ज्यांची अतिथिगृहे बंद होतील त्यांना खाली शहरात जागा आणि व्यवसाय उभा करण्यास साहाय्य द्यावे लागेल, आणि ते किल्ल्याच्या प्रवेश-शुल्कातून आणि हंगामात पर्यटकाकडून होणाऱ्या करवसुलीतून देता येण्यासारखे आहे. वारसा साऱ्या जगाचा आणि नुकसान मात्र पाच-पन्नास घरमालकांचे, असा व्यवहार कोणी मान्य करणार नाही.

या साऱ्यात अडचण अशी की जबाबदारी वाटली गेली आहे. तट आणि बुरुज पुरातत्त्व सर्वेक्षणाचे, घरे खासगी, गटारे नगरपरिषदेची, पाणी आणखी एका खात्याचे. भिंत पडली की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. जुन्या काळी घूट नाली साफ आहे की नाही हे पाहण्यासाठी चार कचेऱ्यांत टपाल फिरवावे लागत नव्हते. ज्याच्या दारावरून ती जाई, तो ती पाहत असे.

आणि म्हणूनच वैशाखातल्या पाहुण्याला महत्त्व आहे. तो अर्थातच थोडा असेल. डिसेंबरातल्या गर्दीने एका आठवड्यात होणारा भार तो महिनाभरातही टाकणार नाही. त्याला पहाटे साडेपाचला गडीसराच्या पायऱ्यांवर बसता येईल, आठपूर्वी मंदिरे पाहून होतील, दुपार एखाद्या जाड भिंतींच्या खोलीत ताकाच्या पेल्याबरोबर काढावी लागेल आणि सूर्य मावळल्यावर वाळू किती लवकर निवते हे अनुभवता येईल. ताटात कैर आणि सांगरी येईल. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली शमी, जिची दसऱ्याला पूजा करून आपण तिला वर्षभर विसरतो. ही शमी तेथे ऐन उन्हाळ्यात नवी पालवी धरते. चैत्रातली गणगौर नुकतीच होऊन गेलेली असते. जैसलमेरची गवर एकटीच मिरवते, तिचा ईसर म्हणे बिकानेरकरांनी कधीकाळी पळवून नेला. ही कथा सांगताना तेथील बायका अजूनही हसतात. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हे घेतलेल्या मराठी स्त्रीला ती गवर परकी वाटणार नाही. आणि मुक्कामाच्या खोलीत पाण्याची एक बादली मिळाली तर तिची किंमत वैशाखात आपोआप कळते, भिंतीवर सूचनाफलक लावावा लागत नाही.

हा पाहुणा आला म्हणून हंगामी उत्पन्नाची तूट भरून निघणार नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु तो येत असतानाच किल्ल्यात दुसरे काम चालू असायला हवे, आणि ते आज पुरेसे दिसत नाही. मोऱ्या उघड्या करणे, गळके नळ बदलणे, तटाच्या फटी भरणे, सिमेंटची धाबी उतरविणे ही कामे गर्दीच्या दिवसांत होऊ शकत नाहीत आणि पाऊस सुरू झाल्यावर करणे धोक्याचे असते. त्यांना चैत्र ते ज्येष्ठ हेच तीन महिने मिळतात. ज्या दिवसांना पर्यटन खाते मृत हंगाम म्हणते, त्याच दिवसांत टेकडी थोडीफार वाळते, दगड सुटा करून पुन्हा बसविता येतो. २०२४ मध्ये पडलेल्या भागाच्या अलीकडे-पलीकडे उभ्या असलेल्या तटाची तपासणी गवंड्याने आणि अभियंत्याने मिळून करावयाची आहे. तेथे पाऊस येतो तो बहुधा जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात. कधी आठ दिवस आधी, कधी नंतर.